दुसऱ्यांची वाक्यं

अठरा सिनेमांत तिने काम केलं आणि अठरांपैकी एकातही तिचा चेहरा नाही. पाठ आहे, खांदा आहे, एका सिनेमात डावा कान आणि अंबाड्यातून सुटलेली बट आहे. चेहऱ्यात काही खोट होती म्हणावं, तर तसंही नाही. नाकीडोळी नीटस होती, आणि रडायच्या प्रसंगात तिला कधी ग्लिसरीन लागलं नाही. घोळ होता तो ओठांचा. समोरचं माणूस बोलायला लागलं की हिचे ओठ हलायचे. आवाज नाही, काही नाही, नुसते ओठ. आणि तेही समोरच्याच्या अर्धा शब्द पुढे.

ही खोड लागली कुठे ते आधी सांगायला हवं, नाहीतर बाईच्या डोक्यात काही बिघाड होता असं कुणाला वाटायचं. एकोणिसाव्या वर्षी ती एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून लागली. प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत, प्रेक्षकांना न दिसता बसून नटाला विसरलेलं वाक्य सुचवणारं माणूस. कंपनीचे मालक स्वतःच नायकाचं काम करायचे. वय साठीला टेकलेलं, पोट पट्ट्याबाहेर आलेलं, आणि पाठांतराच्या नावाने सगळा आनंद. पण स्टेजवर उभे राहिले की समोरचे आठशे लोक गपगार. पाठांतर नाही हे त्या आठशेंना कळू नये, एवढीच त्यांची नोकरांकडून अपेक्षा होती.

"माझ्या कानात बोलायचं नाही," पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं. "पहिल्या रांगेला ऐकू जातं. माझ्या डोळ्यांना दिसेल असं बोल."

म्हणून ती दुसऱ्या विंगेत एका पालथ्या खोक्यावर बसायची. मांडीवर संहिता, आणि हातातली बॅटरी अशी धरायची की उजेड कागदावर पडावा आणि थोडा ओठांवरही. मालक बोलता बोलता सहज मान वळवल्यासारखं करत आणि तिच्या ओठांवरून पुढचं वाक्य उचलत. ते कुठे अडकतील याचा नेम नसायचा. त्यामुळे तिला सगळंच नाटक, सगळ्या पात्रांचं, अर्धा शब्द आधी म्हणत राहावं लागे. आठवड्याला पाच प्रयोग आणि अशी नऊ वर्षं. कंपनीतल्या लोकांनी तिचं नाव कुजबुज ठेवलं. ती बिचारी कुजबुजतही नव्हती, पण नावं ठेवणारे एवढ्या खोलात कुठे जातात. वय वाढलं तसं त्या नावाला ताई लागलं, मग मावशी लागलं.

दहाव्या वर्षी नायिकेच्या बहिणीचं काम करणारी बाई प्रयोगाच्या दिवशी पाय मुरगळून बसली. तिकिटं विकली गेलेली. मालक विंगेत आले, खोक्यावर बसलेल्या हिच्याकडे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "ऊठ. तोंड रंगव." ती उठली ती पुन्हा खोक्यावर बसली नाही. मोलकरीण, जाऊ, विधवा शेजारीण, नर्स अशी कामं तिने पुढची अठ्ठावीस वर्षं केली. चांगली केली. वर्तमानपत्रात तिचं नाव कधी आलं नाही, आलं तेव्हा "इतर" या शब्दात आलं. पण नटांना तिच्याबरोबर काम करायला फार आवडायचं. तिच्या तोंडाकडे बघितलं की आपलं पुढचं वाक्य तिथे तयार असायचं. चाळीस फुटांवरच्या प्रेक्षकाला ओठ दिसत नाहीत. नाटकात हे सगळं खपून गेलं.

तिचा नवरा कंपनीचा लाइटमन. त्याला ही खोड माहीत होती आणि तो तिच्या ओठांवर कधी थेट दिवा मारायचा नाही. लग्नासाठी बाईला आणखी काय लागतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं. मुलगी अकरा वर्षांची असताना तो तापाने गेला. कंपनी सदा दौऱ्यावर, म्हणून मुलगी आत्याकडे राहायची आणि आई महिन्यातून आठ-दहा दिवस पाहुणीसारखी घरी यायची.

सिनेमात ती शिरली ती या दिवसांत, घर चालवायला. पहिल्याच दिवशी कॅमेरामनने कॅमेऱ्यातून डोकं बाहेर काढलं.

"बाई, ओठ का हलवताय?"

"मी? नाही हो."

पुन्हा घेतलं. पुन्हा हलले. अकरा वेळा घेतल्यावर दिग्दर्शकाने हात टेकले आणि म्हणाला, "फिरवा हिला. पाठमोरी बसवा." त्या धंद्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. पाठमोरी हवी असेल तर कुजबुजला बोलवा, समोरच्या नटाचं काम सुधारतं, असं लोक एकमेकांना सांगू लागले. हे कौतुक होतं की टिंगल, ते तिला कधी ठरवता आलं नाही. दर वेळी ती मनाशी कानाला खडा लावायची की या खेपेला ओठ मिटून ठेवीन, आणि दर वेळी तोंडघशी पडायची. ओठ हलतात हे तिला कळायचंच नाही. कळलं असतं तर थांबवले असते ना.

मुलगी लहानपणी मैत्रिणींना घेऊन सिनेमाला जायची. "कुठेय तुझी आई?" "ती काय, त्या खुर्चीतली." "ते तर डोकं आहे." मैत्रिणी हसायच्या. मुलगी घरी येऊन काही बोलायची नाही, आणि ते न बोलणं आईला चांगलं ऐकू यायचं.

खरी जखम मात्र सिनेमाने केली नाही. मुलगी पंधरा वर्षांची असताना एकदा आईसमोर येऊन उभी राहिली. गणितात नापास झाले, निकाल महिनाभर दप्तरात लपवला, हे तिला सांगायचं होतं. धीर करून आली होती. पहिलं वाक्य बोलली, दुसरं बोलली आणि थांबली.

"आई, मी सांगतेय ना? मग तू कशाला म्हणतेस?"

"मी कुठे काय म्हणाले?"

"ओठ बघ तुझे. मी काय बोलणार ते तुला आधीच माहीत असतं, तर मी बोलू तरी कशाला?"

कुजबुज मोरीवरच्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. ओठ अर्धवट उघडे होते, कुणाच्या तरी शब्दावर अडकल्यासारखे. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती तोंडावर हात ठेवूनच बाहेर आली. पण तोंडावर हात ठेवलेल्या आईशी तरी कोण बोलणार?

त्यानंतर मुलीने एक रीत पाडली, न सांगता, न ठरवता. काही महत्त्वाचं असलं की आई स्वयंपाकघरात शेगडीकडे तोंड करून उभी असताना ती मागे येऊन दाराला टेकायची आणि आईच्या पाठीशी बोलायची. नोकरी लागली ते तिने पाठीला सांगितलं. मुलगा पसंत आहे तेही पाठीलाच, आणि लग्नानंतर दुसऱ्या शहरात राहणार तेही. कुजबुज भांडं ढवळत राहायची आणि मुलीचं वाक्य अर्धा शब्द आधी म्हणत राहायची. मागे वळायची तिची छाती नव्हती. घरातही आपण पाठमोऱ्याच, हे तिच्या लक्षात आलं होतं, आणि त्यावर कुणाशी हसावं तर नवरा राहिला नव्हता.

ती त्रेसष्ट वर्षांची झाली तेव्हा कंपनी बंद पडून सात वर्षं झाली होती. कंपनीच्या जुन्या नाट्यगृहात आता फरश्यांचं दुकान होतं. अशा वेळी एका दिग्दर्शिकेचा फोन आला. लहानपणी तिने कुजबुजला विधवा शेजारणीच्या कामात पाहिलं होतं आणि ते तिच्या मनातून गेलं नव्हतं.

"आईचं काम आहे, मावशी. एकच प्रसंग आहे, पण सिनेमाचा जीव त्यात आहे. मुलगी घर विकायचं ठरवून आलीय आणि आईला सांगते. पूर्ण मिनिटभर तुमचा चेहरा. तुम्हाला एकही वाक्य नाही. नुसतं ऐकायचं."

नुसतं ऐकायचं. जे आयुष्यभर जमलं नाही नेमकं तेच. शहाणी बाई नको म्हणाली असती. हिने हो म्हटलं, आणि ओठांबद्दल चकार शब्द काढला नाही. मग मुलीला फोन लावला.

"या वेळी चेहरा आहे," ती म्हणाली.

"खरंच? दिसशील तू?"

"मिनिटभर."

"मग मी येते बघायला. काही झालं तरी येते. तुझ्याशी बोलायचंही आहे."

एवढ्या एका वाक्यावर कुजबुज तीन आठवडे जगली. आपल्या मुलीने एकदा तरी बघावं की तिची आई मुलीचं बोलणं ओठ मिटून ऐकू शकते, पडद्यावर का होईना, खोट्या मुलीचं का होईना. दुसरं तिला काही नको होतं.

तिने दिग्दर्शिकेला निरोप दिला की मला माझ्या प्रसंगाचे कागद पाठवू नका. माहीतच नसलेलं वाक्य ओठ कुठून म्हणणार, असा तिचा हिशोब. मग नवऱ्याच्या जुन्या शर्टाचं एक बटण काढलं. ते खालच्या ओठाच्या आत, दातांवर धरायचं. ओठ हलला की बटण सरकतं आणि आपल्याला कळतं. आणि शेजारणीला पकडून आणलं वर्तमानपत्र वाचायला. शेजारीण निवृत्त नर्स, जिभेला हाड नसलेली.

"पाणीपुरवठा उद्या सकाळी बंद राहील," शेजारीण वाचायची आणि चष्म्यावरून बघायची. "हलले तुझे."

"पाण्याचं रोजच असतं, म्हणून हलले. दुसरं वाच."

"एकाने बायकोच्या बहिणीवर खटला भरलाय. मांजरावरून."

"हं."

"नाही हलले. पण चेहरा असा केलायस की मीच ते मांजर पळवलंय."

दोघी हसल्या की बटण जमिनीवर पडायचं, मग ते शोधण्यात पाच मिनिटं. पण दोन आठवड्यांनी बटण जागचं हलेनासं झालं. आणि एक विचित्र गोष्ट घडली. शेजारीण एक दिवस वर्तमानपत्र बाजूला ठेवून स्वतःच्या मेलेल्या भावाबद्दल बोलत राहिली, अर्धा तास, आणि कुजबुजला पुढचं वाक्य काय येणार ते माहीत नव्हतं. ती वाट बघत होती. माणसं बोलतात तेव्हा मध्ये थांबतात, भलतीकडे बघतात, एकच गोष्ट दोनदा सांगतात, हे तिला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. याआधी माझ्याशी कोण कोण काय काय बोललं असेल, असं तिच्या मनात आलं आणि ती घाबरली.

शूटिंग तिसऱ्या मजल्यावरच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये होतं. दिग्दर्शिकेला खिडकीतून येणारा संध्याकाळचा उजेड हवा होता, तो चार ते पाच मिळायचा. फ्लॅट त्याच दिवशी सोडायचा होता आणि नायिकेचा वेळही तेवढाच होता. नायिका नावाजलेली, दिसायला देखणी, स्वभावाने चांगली आणि तीन सिनेमांत एकदम अडकलेली. वाक्यं तिने गाडीत येता येता पाहिली होती.

"आधी मावशींचा चेहरा घेऊ," दिग्दर्शिका म्हणाली. "त्यांना ते पहिल्यांदाच ऐकू दे." रिवाज उलटा असतो, आधी नायिकेचा चेहरा घेतात. कॅमेरामनच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण त्याने कॅमेरा वळवला.

कुजबुज खुर्चीत बसली. बटण जागेवर होतं. नायिका समोर, कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहिली.

"आई, मी ठरवलंय. हे घर मी विकणार आहे. तुला दर रविवारी भेटायला येईन असं..." आणि थांबली. "सॉरी. काय आहे पुढे?"

पुन्हा. "तुला दर रविवारी भेटायला येईन..." पुन्हा तिथेच गाडी अडली. कागद आणून दाखवला गेला, नायिकेने मोठ्याने वाचला, दोनदा. "असं खोटं मी तुला सांगणार नाही. मी येणार नाहीये, आई." कुजबुजने कान बंद करून घ्यायला हवे होते. पण कान काही बंद होत नाहीत, आणि तिला वाक्य पाठ व्हायला एकदा ऐकणं पुरायचं. तिसरी खेप गेली. खिडकीतला उजेड जमिनीवरून भिंतीवर चढला.

चौथ्या वेळी सगळं जुळून आलं. नायिकेचा आवाज मुळापासून आला. कुजबुजने खोट्या मुलीकडे पाहिलं, आणि घर विकल्याचं ऐकताना तिच्या डोळ्यांत जे आलं ते पाहून कॅमेरामनने श्वास रोखला. बटण हललं नाही. ती ऐकत होती. वाक्य माहीत असूनही ऐकत होती, आणि हे आपल्याला जमतंय हेही तिला कळत होतं.

"तुला दर रविवारी भेटायला येईन असं..."

नायिका थांबली. तिचे डोळे मोठे झाले आणि कुजबुजच्या चेहऱ्यावर फिरू लागले, काहीतरी शोधत. ती नजर कुजबुजला चांगली ओळखीची होती. नऊ वर्षं आठवड्यातून पाचदा तिने ती पाहिली होती, विंगेतून, बॅटरीच्या उजेडात. बुडणाऱ्या माणसाची नजर. त्यावर विचार करायला वेळ नसतो, आणि तिने केलाही नाही. खोटं, म्हणाले तिचे ओठ. असं खोटं मी तुला सांगणार नाही. बटण सरकून जिभेवर आलं.

नायिकेने ते उचललं, आणि मग तिला कुणी अडवू शकलं नाही. आणि कुजबुजचे ओठही मग थांबले नाहीत, शेवटच्या शब्दापर्यंत अर्धा शब्द पुढे धावत राहिले.

"कट," दिग्दर्शिका म्हणाली, फार हळू.

नायिकेने येऊन कुजबुजचे दोन्ही हात धरले. "तुम्ही नसता तर मी गेलेच होते. काय सांभाळलंत हो मला." ती मनापासून म्हणत होती, तिचा काय दोष. कॅमेरामनने मान हलवली. दिग्दर्शिकेने मॉनिटरवर पुन्हा पाहिलं, आणि कुजबुजकडे न बघता म्हणाली, "उजेड किती उरलाय?"

"दहा मिनिटं. फार तर."

दहा मिनिटांत एकच चेहरा घेता येतो, आणि कुणाचा घ्यायचा हे विचारायची गरज नव्हती. कुजबुज स्वतःच उठली, खुर्ची फिरवली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली. तोंडातलं बटण काढून रुमालात ठेवलं. नायिकेने तिच्या ओठांवरून वाचत सगळं भाषण एका दमात, एकदाही न अडखळता केलं. पुढे त्या प्रसंगासाठी तिला बक्षीस मिळालं. तिने ते घेताना बऱ्याच जणांचे आभार मानले.

सिनेमा लागायची तारीख आली तेव्हा मुलीला फोन करून येऊ नकोस सांगावं, असं कुजबुजने दहा वेळा ठरवलं आणि फोन केला नाही. मुलगी आली. रजा काढून, नवऱ्याला नि मुलांना घरी ठेवून, एकटीच. दुपारच्या खेळाला मायलेकी शेजारी शेजारी बसल्या. तो प्रसंग आला. पडद्यावर खांदा होता, अंबाडा होता आणि पलीकडे नायिकेचा रडवेला देखणा चेहरा. मुलगी वाट बघत राहिली, आता कॅमेरा फिरेल, आता फिरेल. प्रसंग संपला. मुलीने मान वळवून आईकडे पाहिलं, तर पडद्याच्या उजेडात आईचे ओठ चालू होते. मुलीने पुन्हा समोर बघितलं.

घरी आल्यावर कुजबुजने चहाचं आधण ठेवलं. मुलगी पर्स न काढताच येऊन मागे दाराला टेकली. ते टेकणं आईला न बघताही कळायचं.

"आई, आम्ही ठरवलंय," मुलगी म्हणाली. "त्याला परदेशात नोकरी मिळालीय. कायमचंच जातोय. मुलांच्या शाळांचंही झालंय तिकडे."

पाणी उकळायला लागलं होतं. कुजबुजने आच कमी केली. शेजारणीच्या भावाची गोष्ट ऐकली तो दिवस तिला आठवला. मला जमतं, तिने स्वतःला सांगितलं. अर्धा तास जमलं होतं. सिनेमात नाही दिसले तर इथे दिसेन. तिने ओठ घट्ट मिटले, दातांत दाबले, रक्त येईल इतके, आणि ती वळली. लेकीकडे तोंड करून उभी राहिली. कितीतरी वर्षांनी.

मुलीचं बोलणं जागच्या जागी थांबलं. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्या दाबलेल्या ओठांकडे पाहिलं, आणि नजर खाली टाकली. आईने वाट पाहिली. पुढचं वाक्य काय असेल ते तिला खरोखरच माहीत नव्हतं.

"तिकडे तोंड कर ना, आई," शेवटी मुलगी म्हणाली. रागाने नाही, विनवून. "असं मला नाही बोलता येत. सवयच नाही."

कुजबुज शेगडीकडे वळली. तिने पाण्यात साखर घातली, चमचा हातात घेतला. मागे मुलीने घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"आई, आम्ही ठरवलंय."